उत्तर न देणाऱ्यांची यादी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने दिलेले व्याख्यान. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



व्याख्यानमाला समितीने विषय विचारला तेव्हा मी 'अनेक संगणकांची देखभाल' असे सांगितले. समितीतील एका ज्येष्ठांनी क्षणभर थांबून, 'श्रोत्यांना रुचेल ना?' असे हळूच विचारले. त्यांची शंका रास्त होती. या व्यासपीठावर संतसाहित्य झाले, नाट्यसंगीत झाले. त्यांच्या पंगतीत हा विषय बसणारा नाही. शिवाय माझा व्यवसाय असा आहे की तो नीट चालला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तरीही महाराष्ट्रापासून इतक्या दूर साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या मंडळींना याद्या, पटसंख्या आणि हजेरी यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. माझे आजचे बोलणे शेवटी एका हजेरीविषयीच आहे.

आधी काम काय असते ते सांगतो. एखाद्या संस्थेत एक हजार संगणक आहेत आणि तिच्या शाखा चार-पाच राज्यांत विखुरलेल्या आहेत असे धरू. सुरक्षेची एक दुरुस्ती, जिला आम्ही 'पॅच' म्हणतो, ती या सर्वांवर बसवायची आहे. एका संगणकापुढे बसून हे करायला चार मिनिटे लागतात. हजार संगणकांना चार हजार मिनिटे, म्हणजे सहासष्ट तासांहून अधिक. रोज आठ तास काम धरले तरी आठ दिवस पुरत नाहीत, आणि यात प्रवास धरलेलाच नाही. अशी दुरुस्ती वर्षातून एकदा येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या तर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठरल्याप्रमाणे येतात. म्हणून हे काम माणसाने हाताने करायचे नसते, संगणकाकडून करवून घ्यायचे असते. त्यासाठी लिहिलेल्या आज्ञांच्या क्रमवार मजकुराला आम्ही 'स्क्रिप्ट' म्हणतो.

स्क्रिप्टची कल्पना चौथीतल्या मुलालाही समजेल. एका साध्या फाइलीत संगणकांची नावे लिहायची, एका ओळीत एक. मग आज्ञा द्यायची: पहिले नाव वाच, त्या संगणकाशी जोडणी कर, सांगितलेले काम कर, पुढचे नाव घे, नावे संपली की थांब. विंडोजच्या जगात यासाठी 2006 पासून पॉवरशेल आहे, लिनक्सच्या जगात त्याहून कितीतरी जुने शेल आणि एसएसएच आहेत, आणि 2012 साली आलेल्या अ‍ॅन्सिबलसारख्या साधनांनी ही नामावळी चालवणे फारच सोपे केले आहे. नवशिक्या तरुणाने पहिल्यांदा अशी स्क्रिप्ट चालवली आणि पडद्यावर ओळीमागून ओळ सरकू लागली की त्याला जो आनंद होतो, तो मला आजही होतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

अडचण सुरू होते ती स्क्रिप्ट थांबल्यावर. पडद्यावर 'पूर्ण' अशी अक्षरे येतात. पूर्ण काय झाले? नामावळी वाचून पूर्ण झाली. हजार संगणकांवर काम झाले, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या हजारांपैकी काहींनी हाकेला ओच दिलेली नसते.

शाळेच्या गुणतक्त्यात तीन गोष्टी वेगळ्या लिहिल्या जातात. विद्यार्थी उत्तीर्ण झाला, अनुत्तीर्ण झाला किंवा गैरहजर होता. गैरहजर विद्यार्थ्याच्या रकान्यात कोणीही शहाणा शिक्षक शून्य लिहीत नाही, कारण शून्य हे परीक्षेला बसलेल्याचे गुण आहेत; आणि रकाना कोराही सोडत नाही, कारण कोऱ्या रकान्याचा वर्षभराने कोणीही कसाही अर्थ लावू शकतो. संगणकांच्या बाबतीतही हेच तीन रकाने लागतात. काम झाले, पोहोचलो, पण काम फसले, पोहोचलोच नाही. अ‍ॅन्सिबल हे साधन आपल्या अखेरच्या गोषवाऱ्यात 'फसले' आणि 'पोहोचता आले नाही' यांचे आकडे स्वतंत्र दाखवते, ते याच कारणाने. फसलेल्या कामाचा इलाज त्या संगणकावर असतो. न पोहोचलेल्या कामाचा इलाज वाटेत, यादीत, वीजपुरवठ्यात, कधी एखाद्या बंद कपाटात असतो. दोन्ही एका रकान्यात टाकले की दोन्हींचा इलाज चुकतो.

एकच संगणक मागे राहिला तर एवढे काय बिघडते, असे कोणाला वाटेल. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीकडे ग्राहकांचे सौदे पुढे पाठवणारे आठ सर्व्हर होते. जुलै 2012 च्या अखेरीस त्यांवर नवी आज्ञावली बसवण्यात आली. सात सर्व्हरवर ती बसली, आठव्यावर बसली नाही. आठव्यावर 2003 पासून वापरात नसलेली एक जुनी आज्ञावली तशीच पडून होती. 1 ऑगस्ट 2012 रोजी सकाळी बाजार उघडला आणि ती जुनी आज्ञावली जागी झाली. 212 ग्राहक-सौद्यांपोटी चाळीस लाखांहून अधिक मागण्या बाजारात गेल्या. पंचेचाळीस मिनिटांत कंपनीचे 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले, आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेच्या बाजार नियंत्रकाने 2013 साली दिलेल्या आदेशात या प्रकरणाचा तपशील आहे. आमच्या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते. त्यातल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, आठही सर्व्हरवर काम झाले की नाही हे दुसऱ्या कोणी तपासून पाहिले नव्हते आणि तसे तपासावे असा लेखी नियमही नव्हता. दुसरी अधिक बोचणारी. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना 97 ई-मेल पाठवले होते आणि त्यांत त्या जुन्या आज्ञावलीचा उल्लेख होता. असे ई-मेल वाचण्याची प्रथा नव्हती. म्हणजे नोंद झाली होती, वाचक नव्हता. पुढे गोंधळात कंपनीच्या माणसांनी नवी आज्ञावली सदोष समजून ती उरलेल्या सात सर्व्हरवरून काढून टाकली, त्यामुळे संकट वाढले. आठवा सर्व्हर मागे राहिला आहे, अशी एक ठळक ओळ कोणाच्या नजरेसमोर असती तर निदान बरोबर असलेले सात मोडले गेले नसते.

आता मौनाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आमच्या कामातला सगळा रस तिथे आहे.

हीरक महोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांना पाठवलेली काही निमंत्रणे टपालातून परत आली, असे मी आज सकाळी ऐकले. पोस्टमन परत आणलेल्या पाकिटावर शेरा लिहितो: दार बंद, पत्ता अपुरा, येथे राहत नाही, घेण्यास नकार. पाकीट परत आले एवढेच कळले असते तर काय करायचे हे समजले नसते. शेऱ्यावरून पुढचे पाऊल ठरते. दार बंद असेल तर पुन्हा जावे. पत्ता अपुरा असेल तर शेजारच्या वर्गमित्राला विचारावे. नकार असेल तर, निदान माणूस तिथे आहे हे तरी कळले.

संगणकांच्या जाळ्यात हीच व्यवस्था आहे. 1981 सालच्या सप्टेंबरात इंटरनेटच्या निरोप-व्यवहाराचा जो मूळ दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यात 'पोहोचता येत नाही' या एका निरोपाची सहा कारणे क्रमांक घालून दिलेली आहेत: जाळेच सापडत नाही, जाळे सापडले पण संगणक सापडत नाही, संगणक सापडला पण त्यावरचे हवे ते दार बंद आहे, वगैरे. इतक्या जुन्या काळी, मोजकेच संगणक एकमेकांना जोडलेले असताना, कोणीतरी 'नाही' या शब्दाचे सहा प्रकार करून ठेवले याचे मला नेहमी कौतुक वाटते.

नकार आणि मौन यांतला भेद तर फार मोलाचा. आपण एखाद्या संगणकाचे दार ठोठावले आणि 'जोडणी नाकारली' असे उत्तर तत्काळ आले, तर तो संगणक जिवंत आहे, विजेवर आहे, आपल्या आणि त्याच्यामधली वाट शाबूत आहे. फक्त त्या दाराशी कोणी बसलेले नाही किंवा आपल्याला मज्जाव आहे. याउलट काहीच उत्तर आले नाही आणि वाट पाहून मुदत संपली, तर संगणक बंद असेल, तार तुटली असेल, किंवा मधल्या अग्निभिंतीने, म्हणजे फायरवॉलने, आपली हाक गुपचूप गिळली असेल. या दोन नोंदी एकाच शब्दात लिहिणारी स्क्रिप्ट मी माझ्या हाताखालच्या मुलांना परत करायला लावतो.

'पिंग' हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. माइक म्यूस या अमेरिकन अभियंत्याने डिसेंबर 1983 मध्ये ही छोटीशी आज्ञावली लिहिली. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिचे नाव पडले. हाक द्यायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा, एवढेच तिचे काम. अनेकजण आधी पिंग करतात आणि प्रतिध्वनी आला नाही की संगणक 'बंद' असे लिहून मोकळे होतात. पण 2004 साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर फायरवॉल आपोआप चालू राहू लागली, आणि ती अशा हाकेला उत्तर देत नाही. म्हणजे समोरचा संगणक धडधाकट असूनही पिंगला गप्प राहू शकतो. म्हणून ज्या दाराने काम करायचे आहे तेच दार ठोठावून पाहावे, आणि नोंदीत 'बंद' असे अनुमान न लिहिता 'अमुक दारावर, अमुक वेळ, उत्तर नाही' एवढेच लिहावे. पाहिले तेवढे लिहायचे आणि समजले ते वेगळ्या रकान्यात लिहायचे, ही शिस्त मला या शाळेच्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत लागली. 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन मथळे आखल्याशिवाय वही तपासलीच जात नसे.

मौनाची किंमत वेळातही मोजावी लागते. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत, गप्प बसलेल्या संगणकाशी जोडणी जुळत नाही हे मान्य करायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. हजारांतले शंभर गप्प असतील आणि स्क्रिप्ट एकामागून एक जात असेल, तर निव्वळ वाट पाहण्यात साडेतीन तास जातात. त्यामुळे मुदत आपणच आखून द्यावी लागते आणि एकाच वेळी अनेकांकडे जावे लागते. मुदत फार आखडली तर मात्र दूरच्या, मंद तारेवरच्या शाखा उगाचच 'अनुपस्थित' ठरतात. मुदत किती असावी याचे सूत्र कोणी विचारले तर माझ्याकडे नाही. आपापल्या जाळ्याचा स्वभाव पाहून ती ठरते.

आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत नाही. कधी हाक एकाला दिली जाते आणि ओ दुसराच देतो. संगणकाचे नाव आणि त्याचा जाळ्यातला पत्ता यांची सांगड घालणारी एक नोंदवही असते. ती शिळी झाली, तर एकाच्या पत्त्यावर दुसराच राहायला आलेला असतो. त्याच्यावर काम होते, वहीत पहिल्याचे नाव 'झाले' म्हणून चढते. वर्गात मागच्या बाकावरून मित्राच्या नावाला 'हजर' म्हणणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. म्हणून चांगली स्क्रिप्ट जोडणी झाल्यावर पहिला प्रश्न विचारते: तुझे नाव काय? नाव जुळले तरच काम करते.

नोंदीची एक ओळ कशी असावी? दिनांक, वेळ, नाव, पत्ता, कोणत्या पायरीवर थांबलो, मिळालेला संदेश शब्दशः, हा कितवा प्रयत्न आणि याआधी हा संगणक शेवटचा केव्हा बोलला होता. या शेवटच्या रकान्याचा उपयोग एका उदाहरणाने सांगतो. मी काम करीत असलेल्या एका संस्थेत एका लहान शाखेचे सगळे संगणक रात्रीच्या फेरीत नेहमी अनुपस्थित असत. तारेची तक्रार झाली, तार तपासली गेली, तार उत्तम होती. मग नोंदी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास सर्व संगणक एकाच मिनिटाला गप्प होत आणि सकाळी साडेनऊला एकत्रच बोलू लागत. शाखेला कुलूप लावताना तिथले शिपाईकाका विजेचा मुख्य खटका बंद करून जात. त्यांची सवय काटकसरीची आणि सुरक्षिततेची होती. तिला दोष द्यायचे कारणच नव्हते. त्या शाखेची फेरी आम्ही सकाळी दहाला ठेवली आणि प्रश्न संपला. एका रात्रीच्या नोंदीतून हे कधीच कळले नसते.

याच नोंदींतून दुसरेही एक सत्य दिसते आणि ते कमी सुखद आहे. वरिष्ठांच्या बैठकीत 'अठ्ठ्याण्णव टक्के काम पूर्ण' असा हिरव्या रंगातला तक्ता दाखवला जातो. सगळे समाधानाने माना डोलावतात. पुढच्या महिन्यात पुन्हा अठ्ठ्याण्णव टक्के. ऐकणाऱ्याला वाटते, दर वेळी कोणीतरी वेगळे दोन टक्के राहत असतील. तसे नसते. दोन महिन्यांच्या याद्या समोरासमोर धरल्या की बहुतेक नावे तीच दिसतात: सर्वांत दूरची शाखा, सर्वांत मंद तार, सर्वांत जुने यंत्र, ज्याचा जबाबदार माणूस बदली होऊन गेला आहे ते टेबल. टक्केवारी तीच राहते आणि त्या दोन टक्क्यांवर मात्र न बसलेल्या दुरुस्त्यांचा थर चढत जातो. चोर नेमका तिथून येतो. त्याला अठ्ठ्याण्णव टक्क्यांशी काही कर्तव्य नसते. म्हणून, जाता जाता, ही यादी कुलपात ठेवायची वस्तू आहे हेही सांगतो. ती चुकीच्या हातात पडली तर ती घराच्या उघड्या खिडक्यांचा नकाशाच होते.

हे सर्वांत चांगले ज्यांना कळले होते, ते संगणकवाले नव्हते. ते या देशात पोलिओचा डोस घेऊन दारोदार फिरणारे कार्यकर्ते होते. इथल्या अनेक पालकांना आठवत असेल. पल्स पोलिओची मोहीम देशभर 1995 साली सुरू झाली. आधी मुलांना केंद्रावर आणायचे असे. तरीही काही मुले राहून जातात हे दिसल्यावर 1999 पासून घरोघरी जाणे सुरू झाले. डोस दिलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण होत असे आणि घराच्या भिंतीवर खडूने किंवा गेरूने एक इंग्रजी अक्षर लिहिले जाई. घरातल्या पाच वर्षांखालील सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी'. एखादे जरी मूल राहिले असेल, घराला कुलूप असेल, मूल आजोळी गेले असेल किंवा पालकांनी नकार दिला असेल, तर 'एक्स'.

त्या 'एक्स'कडे नीट पाहा. कोऱ्या भिंतीचा अर्थ, इथे कोणी आलेच नाही. 'एक्स'चा अर्थ, आम्ही आलो होतो, काम झाले नाही, पुन्हा यायचे आहे. कार्यकर्त्यांच्या कागदावर कारणही लिहिलेले असे, कारण कुलूप असलेल्या घरी संध्याकाळी जायचे असते आणि नकार देणाऱ्या घरी गावातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला बरोबर घेऊन जायचे असते. पुढच्या दिवसांत फक्त 'एक्स' घरांसाठी वेगळी फेरी निघे आणि 'एक्स'चा 'पी' करीत जाई. ज्यांना घरच नव्हते, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आज इथे उद्या तिथे असणारी कुटुंबे, त्यांची मुले कोणत्याच भिंतीवर येत नव्हती. त्यांच्यासाठी रेल्वे स्थानकांवर आणि बसथांब्यांवर स्वतंत्र पथके उभी राहिली.

विषाणूला मोहिमेच्या टक्केवारीशी देणेघेणे नव्हते. तो राहून गेलेल्या मुलांमध्ये टिकून होता आणि अनेक भागांत फेरीमागून फेरी राहून जाणारी मुले तीच तीच असत. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित केले. या यशामागे लस आहे, निधी आहे, लाखो माणसांचे पाय आहेत. माझ्या धंद्याच्या नजरेला त्यात भिंतीवरचे ते अक्षरही दिसते.

वीटभट्टीवरच्या मुलांचा उल्लेख मी मुद्दाम केला. उत्तर न देणाऱ्यांची यादी कितीही काटेकोर ठेवली, तरी जे नाव मूळ यादीतच नाही ते त्यात कधीच येणार नाही. 2017 सालच्या मार्चमध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीला एका आज्ञावलीतील गंभीर छिद्राची सूचना मिळाली. सूचना कंपनीत सर्वत्र पाठवली गेली. पण ज्या यादीवरून ती पाठवली ती जुनी झालेली होती, आणि ज्यांनी दुरुस्ती बसवायची त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही. आठवड्याभराने जाळ्याची तपासणीही झाली, तिला ते छिद्र असलेले संकेतस्थळ सापडले नाही. मे ते जुलै या काळात सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती त्या वाटेने बाहेर गेली. इथे अनुपस्थितांच्या यादीत काहीच नव्हते, आणि तेच घातक ठरले. त्यामुळे अनुपस्थितांची संख्या एखाद्या दिवशी शून्य आली तर मी आनंद मानण्याआधी मूळ नामावळी खरेदीच्या वहीशी, पगारपत्रकाशी आणि जाळ्यातल्या जोडण्यांशी ताडून पाहतो.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की जो संगणक उत्तर देत नाही तो गुन्हेगारच. तसे समजू नका. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी केले. कोण कर्मचारी, कोणाला कोणती किल्ली, हे सांगणारे मुख्य सर्व्हर जगभर सुमारे दीडशे होते आणि ते एकमेकांच्या प्रती राखीत असत. पण सगळेच एकदम पुसले जातील अशी कल्पना कोणी केली नव्हती. शोधाशोध केल्यावर एक प्रत शाबूत सापडली, आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयात. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून तुटलेला होता. तिथली तार इतकी मंद होती की प्रत पाठवायला कित्येक दिवस लागले असते. शेवटी एका कर्मचाऱ्याने ती विमानाने नायजेरियात नेली आणि तिथून दुसऱ्याने इंग्लंडला. त्या एका प्रतीच्या आधाराने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसच्या परिषदेत सांगितले.

त्या दिवशीच्या कोणत्याही फेरीत घानाचा तो सर्व्हर 'उत्तर नाही' असाच नोंदवला गेला असता. कोणता संगणक केव्हापासून गप्प आहे हे लिहिलेले असेल, तर अशा दिवशी शोध कुठून सुरू करायचा ते काही मिनिटांत कळते.

नोंद झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आता कोणीतरी विचारेल, म्हणून मीच सांगतो. पहिल्या फेरीत राहिलेल्यांची स्वतंत्र फाइल करून फक्त तीच दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी चालवावी. हजारांतले सत्तर राहिले असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर बहुधा दहा-पंधरा उरतात. त्या उरलेल्या प्रत्येक नावापुढे यंत्राचे नाही, माणसाचे नाव लिहावे आणि तारीख घालावी. मग फोन करावा. फोनने न भागल्यास जावे. हे शेवटचे काम कोणतीही स्क्रिप्ट करीत नाही. तिथे गेल्यावर कधी कळते की यंत्र दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेले आणि नाव काढायचे राहिले. कधी कळते की फाइलींच्या गठ्ठ्यांमागे ते निमूटपणे चालू आहे आणि त्यावर कोणाचे तरी रोजचे काम आहे. पहिल्या प्रकारचे नाव यादीतून खोडावे, मात्र केव्हा आणि कोणी खोडले ते लिहून.

शाळेच्या संगणक-कक्षात उद्या सकाळी साडेदहाला नववीच्या मुलामुलींबरोबर आपण हे करून पाहणार आहोत. पहिला तास संगणकाला हात लावायचा नाही. खोलीत फिरून, प्रत्येक यंत्राच्या मागे चिकटवलेला क्रमांक स्वतः वाचून नामावळी करायची आहे. दोन संगणक दुरुस्तीला गेले आहेत असे कक्षप्रमुख सरांनी सांगितले. त्यांचीही नावे फाइलीत घालू, म्हणजे स्क्रिप्ट त्यांच्याविषयी काय लिहिते ते पाहता येईल. येताना वही आणि पेन आणा.